सीमांतपूजन

“जो माणूस रविवारीच येऊन पोहोचला, तो कसा येतो हे पाहावयास शनिवारी जावयाचे, हे कसले शहाणपण म्हणायचे!” डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी भरता भरता आमच्या सौभाग्यवतींनी हा प्रश्न टाकला, तेव्हा आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही. बाहेर विद्यार्थ्यांच्या शंकांचे निरसन करण्याबद्दल वेतन घेणाऱ्या मनुष्याची घरी अशी कुंठित अवस्था व्हावी, यात अध्यापकवर्गातील वाचकांस नवल वाटणार नाही.

प्रश्न मात्र रास्त होता. दिवस ६ एप्रिल २०१३ चा. भारतीय नौदलाची ‘म्हादेई’ ही शिडाची नौका घेऊन लेफ्टनंट कमांडर अभिलाष टॉमी हा तरुण अधिकारी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघाला होता. नौकेवर तो एकटा. वाटेत कोणत्याही बंदरास लागावयाचे नाही, कोणाकडून घोटभर पाणीही घ्यावयाचे नाही, यंत्राच्या बळावर पुढे सरकावयाचे नाही, आणि पृथ्वीस एक वेढा घालून जेथून निघालो तेथेच परत यावयाचे, असा हा संकल्प. तो त्याने दीडशे दिवसांत सिद्धीस नेला आणि ३१ मार्चला, रविवारी, मुंबईपुढील अंतिम रेषा ओलांडली. अशी अखंड एकाकी प्रदक्षिणा करणारा तो पहिला भारतीय. परंतु त्याच्या स्वागतास खुद्द राष्ट्रपती श्री. प्रणव मुखर्जी यावयाचे होते, आणि राष्ट्रपतींचे प्रवास काही वाऱ्याच्या लहरीवर सोपविता येत नाहीत. समारंभ पुढच्या शनिवारी ठरला. त्या दिवशी ‘म्हादेई’ गेटवेपाशी विधिपूर्वक यावयाची होती. म्हणजे आलेली नौका पुन्हा येणार होती, आणि ती येताना पाहण्यासाठी आम्ही चार मित्र भर उन्हात समुद्रावर जाणार होतो.

उत्तर सुचले ते वहाणा पायांत सरकविताना. आम्ही म्हणालो, “आपल्या लग्नात आम्ही सकाळी अकराच्या गाडीने तुमच्या गावी उतरलो. जानवशात दोन बशा उपमा खाल्ला, दुपारी झोपही काढली. आणि संध्याकाळी आम्हांस वेशीवरच्या मारुतीपाशी नेऊन, जणू काय आताच येत आहोत अशा थाटाने, तुमच्या वडिलांनी आमचे पाय धुतले. सीमांतपूजन म्हणतात त्याला. त्या वेळी हा प्रश्न तुम्ही कोणी विचारला नाही.”

“तेव्हाच विचारायला हवा होता,” असे म्हणून त्यांनी डबा आमच्या हाती दिला.

आमच्या मंडळीत एक डॉक्टर, एक वकील आणि अण्णा. डॉक्टर आणि वकील हे आमच्या वसतिगृहातील सोबती. अण्णा आमच्याहून सहा-सात वर्षांनी वडील, गोदीत हिशेबाच्या कामावर होते, आणि आमच्या मंडळीत ते केव्हा व कसे सामील झाले हे आता कोणासही आठवत नाही. ही सफर अण्णांनीच ठरविली. एरवी सहलीची गोष्ट निघाली की खर्चाचा आकडा प्रथम विचारणारे हे गृहस्थ. या वेळी मात्र त्यांनीच करंज्याच्या ओळखीच्या एका नाखव्याशी बोलून त्याची मासेमारीची होडी ठरविली, आणि पैसे परस्पर चुकते केले, ते कोणाला विचारलेही नाही. वकील म्हणाले, “अण्णांचे काही तरी बिनसले आहे.”

भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच धरली, तेव्हा दहा वाजून गेले होते. राष्ट्रपती येणार म्हणून गेटवेकडच्या पाण्यात खासगी होड्यांस त्या दिवशी थारा मिळण्याजोगा नव्हता. त्यामुळे समोरच्या तीरावरून निघून बंदराच्या मुखाशी कोठे तरी दूर उभे राहावे, असा अण्णांचा बेत. मोरा, तेथून रिक्षाने उरण ओलांडून करंजा. कोळीवाड्यात बोंबील वाळत घातले होते, आणि डॉक्टरांनी त्यांतील पोषक द्रव्यांविषयी आम्हांस जी माहिती दिली ती वाचकांस देण्याचे आम्ही टाळतो.

नाखवा साठीचा, काटक, मितभाषी. चौघे चष्मेवाले, छत्र्या व डबे घेऊन फळीवरून होडीत चढताना पाहून त्याच्या मिशीत जे हालले ते हसू असावे. दुपारी दीडच्या सुमारास आम्ही खाडीबाहेर पडलो. एप्रिलात त्या वेळी पश्चिमेकडून खारा वारा सुटू लागतो; त्याने उन्हाची तिरीप काहीशी सुसह्य केली. डाव्या हाताला दूर खांदेरी-उंदेरी धुक्यासारख्या उष्म्यात तरंगत होत्या. समोर कुलाब्याचे टोक आणि त्याच्या दक्षिणेस प्राँग्सचा दीपस्तंभ. मुंबई इतक्या दुरून पाहिली की तिच्यावर रागावणे शक्य होत नाही.

होडीत बसून वाट पाहणे हा एक स्वतंत्र उद्योग आहे. डबे उघडले. वकिलांनी दशमी हाती घेऊन आपला युक्तिवाद आरंभिला. “मला त्या तरुणाविषयी अपार आदर आहे. पण आज जे व्हावयाचे आहे ते नाटक आहे. खरे आगमन रविवारी झाले. त्या वेळी त्याच्या अंगावर दीडशे दिवसांचे मीठ होते. आज अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून तो पुन्हा येणार, आणि सगळ्यांनी आश्चर्य वाटल्यासारखे करावयाचे! याला पुरावा म्हणून कोणते न्यायालय मानील?”

आम्हीही थोडे पेटलो. या जागेचा गुणच असा आहे, आम्ही म्हणालो, की येथे आगमन आणि समारंभ यांची वेळ कधी जुळत नाही. पंचम जॉर्ज बादशहा आणि मेरी राणी २ डिसेंबर १९११ रोजी अपोलो बंदरावर उतरली, त्यांच्या स्मरणार्थ ही कमान. पण ती उतरली तेव्हा कमान होती कोठे? विटेट साहेबांची ही वास्तू पुरी होऊन खुली झाली ती १९२४ साली. पाहुणा अगोदर आला, दार मागाहून. आणि ज्या साम्राज्याने हे दार आपल्या प्रवेशासाठी उभारले, त्याची शेवटची पलटण २८ फेब्रुवारी १९४८ रोजी याच दारातून बाहेर पडली. मग एका नौकेने एक आठवडा मागेपुढे केला तर बिघडले काय?

“हे तर माझ्याच बाजूचे झाले,” वकील म्हणाले. “ती कमानही नाटकच.”

पाडवा पाच दिवसांवर आला होता, त्याचा आम्हांस आधार घ्यावा लागला. श्रीराम लंकेहून परतले ते थेट अयोध्येच्या वेशीत शिरले नाहीत. भरद्वाजांच्या आश्रमी थांबले, मारुतीला नंदिग्रामास पुढे पाठविले, भरताला वर्दी दिली, आणि मग अयोध्या सजली. चौदा वर्षे ज्याने वाट पाहिली त्या भरतास स्वागताची तयारी करावयास अवसर नको का? आगमन ही काय एकट्या येणाराची गोष्ट आहे? डॉक्टरांनी मान डोलाविली. ती आमच्या मुद्द्यास की चटणीस, हे कळले नाही. अण्णा काहीच बोलले नाहीत. ते नाळेपाशी बसून पाण्याकडे पाहत होते.

नौकेविषयी दोन शब्द येथे सांगितले पाहिजेत, कारण ती पाहावयासच आम्ही आलो होतो. ‘म्हादेई’ छप्पन्न फुटांची. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली. २००९ च्या फेब्रुवारीत नौदलात दाखल झाली. मांडवी नदीला वरच्या अंगास म्हादेई म्हणतात, तिचे हे नाव. ज्या नदीच्या पाण्यात जन्मली तिचेच नाव घेऊन ती पृथ्वीभोवती फिरून आली, ही गोष्ट आम्हांस फार आवडते. भारतीयाने भारतात बांधलेल्या नौकेतून एकट्याने सागरपरिक्रमा करावी, ही कल्पना व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांची. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळविलेले हे दर्यावर्दी उतारवयात फलटणजवळच्या विंचुर्णीस, म्हणजे समुद्रापासून चांगले दूर, राहत असत. स्वप्ने पाहावयास समुद्रकाठच लागतो असे नाही. त्यांच्या हाकेला प्रथम ओ दिली कमांडर दिलीप दोंदे यांनी. ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात चार ठिकाणी थांबे घेत त्यांनी याच नौकेतून पहिली परिक्रमा पुरी केली. त्या वेळी किनाऱ्यावर राहून दोंद्यांना साहाय्य करणारा जो तरुण, तोच हा टॉमी.

परिक्रमेचे नियमही मोठे मजेचे आहेत. विषुववृत्त ओलांडले पाहिजे, सर्व रेखावृत्ते ओलांडली पाहिजेत, कालवे किंवा सामुद्रधुन्यांच्या आडवाटा वर्ज्य, आणि एकंदर अंतर २१,६०० सागरी मैलांहून कमी भरता कामा नये. हा आकडा कोठून आला म्हणाल, तर वर्तुळाचे अंश ३६०, प्रत्येकाच्या कला ६०, आणि एका कलेस एक सागरी मैल. गुणाकार वाचकांनी करून पाहावा. भास्कराचार्यांना हा नियम समजावून सांगण्याची गरज पडली नसती. ऑस्ट्रेलियाचे ल्यूविन, दक्षिण अमेरिकेचे हॉर्न आणि आफ्रिकेचे गुड होप, ही तीन भूशिरे उजवी-डावी घालीत हा माणूस आला. त्या दक्षिण समुद्रात वाऱ्याला अडविणारी भूमी जवळजवळ नाहीच; लाटा पृथ्वीभोवती फिरत राहतात आणि वाढत जातात. तेथे झोप घ्यावयाची ती तुकड्यातुकड्यांनी.

अशी प्रदक्षिणा जगात प्रथम रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ साली केली, ३१२ दिवसांत; आणि त्यांची ‘सुहैली’ ही नौका आमच्या मुंबईत, सागवानात, आपल्या सुतारांनी बांधलेली होती. ते इंग्लंडात फाल्मथ बंदरी परतले तेव्हा जकातीच्या अधिकाऱ्याने रिवाजाप्रमाणे विचारले, की आपण कोठल्या बंदराहून आलात. आणि त्यांनी उत्तर दिले, की फाल्मथहून. हा किस्सा आम्ही होडीत सांगितला, तेव्हा नाखवाही प्रथमच मोकळेपणी हसला.

“येकलाच मानूस?” त्याने विचारले.

“एकटाच.”

“आन् पाच महिने?”

“पाच महिने.”

“मंग बोलत कुनासंगं आसंल?” हा प्रश्न आमच्यापैकी एकाही पदवीधरास पडला नव्हता.

तीन वाजावयास आले असतील, तोच गस्तीची एक नौका वेगाने आमच्याकडे आली. तुम्ही कोण, येथे काय करता, ओळखपत्रे दाखवा. वकिलांनी नागरिकाच्या हक्कांचा उच्चार करण्यास तोंड उघडले, ते डॉक्टरांनी वेळीच चिवडा देऊन बंद केले. आम्ही महाविद्यालयाचे ओळखपत्र पुढे केले. त्यावरील छायाचित्र पंधरा वर्षांपूर्वीचे. त्या तरुण शिपायाने चेहऱ्याकडे आणि चित्राकडे आलटून पालटून असे पाहिले, की आमच्या मनात आपल्या स्वतःविषयीच संशय उत्पन्न झाला. अखेर, त्या लाल बोयाच्या पलीकडे जाऊ नका, एवढे बजावून ते गेले.

नाखवा सुकाण्याशी खाली बसला आणि हलकेच म्हणाला, “पैले आमी इचारत हुतो. आता आमाला इचारत्यात.” त्याचा अर्थ उमगावयास क्षणभर लागला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा मारेकरी कुलाब्याच्या कोळीवाड्यापाशी रबरी होडीतून उतरले, तेव्हा त्यांना प्रथम हटकले ते तेथल्या कोळ्यांनीच. त्या आगमनास साक्षी तेवढेच.

त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. होडी झुलत होती. वकिलांना ही शांतता सोसेना, ते म्हणाले, “अण्णा, बेत तुमचा आणि तुम्हीच मौन धरून बसलात. तुमचे मत सांगा. आजचे आगमन खरे की खोटे?”

अण्णा वळले नाहीत. म्हणाले, “मला एकदा कोणी तरी नीट परत आलेले पाहायचे होते, एवढेच.”

आणि मग त्यांनी जे सांगितले, ते इतक्या वर्षांच्या सहवासात आम्ही प्रथमच ऐकले. त्यांचे वडील महायुद्धाच्या काळात, सतरा-अठराव्या वर्षी, नौदलात खलाशी म्हणून भरती झाले होते. १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत ‘तलवार’ या नाविक शाळेत खलाशांनी संप पुकारला. निकृष्ट अन्न आणि वरिष्ठांची अपमानास्पद वागणूक हे निमित्त, आणि पुढे त्यात स्वराज्याची मागणी मिसळली. बंदरात उभ्या असलेल्या जहाजांवरून युनियन जॅक उतरले, त्यांच्या जागी काँग्रेसचे, लीगचे आणि कम्युनिस्टांचे बावटे एकत्र चढले. अण्णांचे वडील त्यांपैकीच एका जहाजावर. संपवाल्यांचा शिधा तुटला, तेव्हा मुंबईची माणसे टोपल्या घेऊन गेटवेवर जमली. दुकानदार, इराणी, फळवाले, घरच्या बायका. जहाजांवरून लहान होड्या धक्क्याला येत आणि ते अन्न घेऊन जात. २३ तारखेस पुढाऱ्यांच्या सल्ल्याने खलाशांनी शस्त्रे ठेवली. त्यानंतर शेकडो जणांना नोकरीतून काढून घरी पाठविण्यात आले.

“वडील आगबोटीने दाभोळला आले,” अण्णा म्हणाले. “पडावातून उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. बंदरावर ओळखीची माणसे असणार, म्हणून ते नावांच्या आडोशाला बसून राहिले. गाव निजल्यावर घरी गेले. दार वाजवले. आजीने दार उघडले, पाहिले, आणि म्हणाली, थांब. एवढेच. आत गेली आणि भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिन्ही वेळा ओवाळला, अंगणात टाकला, पायांवर पाणी घातले, आणि मग म्हणाली, ये. दुसऱ्या दिवशी वडिलांनी गावात सांगितले, की रजेवर आलो आहे. ती रजा १९९३ साली संपली.”

डॉक्टरांनी विचारले, “त्यांनीच सांगितले हे तुम्हांला?”

“एकदाच. मला गोदीत नोकरी लागली तेव्हा मुंबईला आले होते. मी हौसेने गेटवे दाखवायला नेले. ते पाण्याकडच्या पायऱ्यांपाशी गेले, आणि मला म्हणाले, या पायरीवरून एका बाईने मला भाकरी दिली होती, मी होडीतून हात वर केला होता. तेव्हा सारे सांगितले. पुन्हा विचारले तर म्हणाले, तुला काय करायचे आहे?”

वकील उठले. होडीत उठून चालणे हे त्यांच्यासारख्या देहयष्टीच्या मनुष्यास सोपे नव्हे. त्यांनी गळ्यातील आपली दुर्बीण काढली, अण्णांच्या गळ्यात घातली, आणि मागे येऊन आमच्या शेजारी बसले. नाटकाविषयी ते त्या दिवशी पुन्हा एक अक्षर बोलले नाहीत.

‘म्हादेई’ प्रथम दिसली ती नाखव्याला. आम्हांस बराच वेळ नुसता उजेड दिसत होता. ऊन उतरू लागले होते, आणि पश्चिमेकडचे सारे पाणी डोळ्यांवर येत होते. मग त्या झगमगाटात दीपस्तंभाच्या अलीकडे एक पांढरा त्रिकोण स्थिर झाला. भोवती आणखी लहानमोठ्या नौका होत्या. परंतु हे शीड त्यांच्यांत निराळे ओळखू येत होते. वारा पाठीशी घेऊन ते किंचित कलले होते, आणि पुढे सरकते आहे असे वाटतच नव्हते; मागचा कुलाबाच जणू मागे मागे जात होता.

आम्ही प्रामाणिकपणे सांगतो, आम्हांस याहून अधिक काही दिसले नाही. तोफा ऐकू आल्या नाहीत, वाद्ये ऐकू आली नाहीत. आमच्यापासून नौका दोन मैल तरी दूर असावी. वर्तमानपत्रांतून छायाचित्रे पाहून मनात जे भव्य चित्र रंगविले होते, त्याच्या मानाने हा एक पांढरा ठिपका म्हणजे निराशाच व्हावी. तशी ती झाली नाही. पृथ्वीभोवतालच्या एवढ्या पाण्यात तो ठिपका केवढा असेल, याचा अंदाज आम्हांस दिवाणखान्यात बसून कधीच आला नसता.

इतक्यात आमच्या होडीचे यंत्र बंद पडले. आम्ही दचकून मागे पाहिले. नाखव्याने ते आपण होऊन थांबविले होते. “येकला आलाय न्हवं,” तो म्हणाला, “मंग आवाज कशाला?” त्याने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“माणूस दिसतो का हो अण्णा?” डॉक्टरांनी विचारले.

अण्णांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. “सुकाण्याशी काही तरी पांढरे दिसते आहे.”

ते मनुष्य होते की दोरखंडाचे वेटोळे, हे सांगता येत नव्हते. तथापि अण्णांनी उजवा हात वर केला आणि तो बराच वेळ तसाच ठेवला. दोन मैलांवरून तो कोणास दिसणार होता! सात-आठ मिनिटे हे चालले. मग मधल्या नांगरवाड्यातील एक करडे जहाज आड आले, शिडाचा शेंडा तेवढा त्याच्यावर काही काळ तरंगला, आणि तोही दिसेनासा झाला.

पुढचा वृत्तान्त वाचकांस ठाऊक असेल. २०१८ च्या सप्टेंबरात जागतिक शर्यतीत असताना दक्षिण हिंदी महासागरातील वादळात या टॉमींच्या नौकेची डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्यास जबर इजा झाली, आणि जमिनीपासून शेकडो मैल दूर ते तीन दिवस आपल्या जागी पडून होते. फ्रेंचांच्या एका जहाजाने त्यांना उचलले. त्या वेळचे परतणे हे असे, दुसऱ्यांच्या हातांवरून. आणि हाच मनुष्य पुन्हा त्याच शर्यतीस उभा राहिला, आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरा आला. आवटी साहेबांना हे पाहावयास मिळाले नाही. ते २०१८ च्या नोव्हेंबरात निवर्तले. मात्र ‘म्हादेई’ची धाकटी बहीण ‘तारिणी’ सहा स्त्री-अधिकाऱ्यांना घेऊन जगप्रदक्षिणा करून त्याच वर्षीच्या मे महिन्यात गोव्यास परत आली, ते त्यांनी पाहिले. २०२५ च्या मे महिन्यात तीच ‘तारिणी’ दिलना आणि रूपा या दोघी अधिकाऱ्यांना घेऊन पुन्हा एकदा तशीच आली, तेव्हा संरक्षणमंत्री मुरगावच्या धक्क्यावर उभे होते. त्या दिवशी आमच्याकडे वकिलांचा दूरध्वनी आला. त्यांनी एवढेच विचारले, “दूरचित्रवाणी लावलीस का?”

परतताना अंधार पडला. अमावास्या जवळ आली होती, त्यामुळे चांदणे नाही. मुंबईचे दिवे एकेक करून लागत गेले आणि शेवटी सगळे शहर पाण्याच्या काठाला आरतीच्या तबकासारखे दिसू लागले. करंज्याला उतरलो तेव्हा नाखव्याने अण्णांना हात दिला. दोघे काही बोलले, ते आम्हांस ऐकू आले नाही. मोऱ्याची शेवटची लाँच केव्हाच सुटून गेली होती. बेलापूरच्या वाटेने, एका मासळीच्या टेंपोतून, आम्ही शहराकडे निघालो. त्या वासाने पुढे चार दिवस आमची सोबत केली. अण्णा पुढे चालकाजवळ बसले होते. वाटेत एकदा त्यांनी मागे वळून, “दशमी उरली आहे का?” असे विचारले, दिली, ती त्यांनी खाल्ली.

घरी पोहोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. घंटी वाजविण्यापूर्वीच दार उघडले.

“पाहिला का तुमचा खलाशी?” सौभाग्यवतींनी विचारले. “आम्ही येथे सगळे स्वच्छ पाहिले. राष्ट्रपती, त्याचे आईवडील, सगळे. किती कोवळा पोर दिसतो हो! तुम्हांला काय दिसले?”

आम्ही शिडाचे सांगितले. मग अण्णांच्या वडिलांचे सांगितले. त्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. सांगून झाल्यावर आम्ही म्हणालो, “इतक्या रात्री मुलगा अवचित दारात उभा, आणि त्या माउलीने का आलास म्हणून एकदाही विचारले नाही.”

“विचारील कशी?” त्या म्हणाल्या. “तिला दिसले नसेल का?” आणि डब्यात उरलेल्या दोन दशम्या झाकून ठेवून त्यांनी आमच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, आम्हांस मासळीचा वास येत असल्यामुळे अगोदर हातपाय धुवावयास सांगितले.